पूरा खाली है

समोर आलेला माल चांगला आहे असं धरून चालणारा माणूस इन्स्पेक्शन खात्यात टिकत नाही. मी फॅक्टरीत चौतीस वर्षं टिकलो. माल खराबच आहे, फक्त दोष अजून सापडलेला नाही, असं मानून सुरुवात करायची आणि मग शोधत राहायचं. माई, म्हणजे माझी बायको, म्हणते की तुम्ही रिटायर झालात, पण खातं घरी घेऊन आलात. म्हणू दे. तिला सगळं जग सरळ दिसतं. तिचा दूधवाल्यावरसुद्धा विश्वास आहे.

तर आमच्या घराला तडे गेले.

अंबरनाथला, शिवमंदिराच्या अलीकडच्या गल्लीत आमचं बैठं घर आहे. सत्त्याऐंशी साली बांधलेलं. कॉलम-बीम काही नाही, सगळा भार विटांच्या भिंतींवर. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून एक भेग निघाली आणि विटांच्या सांध्यासांध्यांतून पायरी पायरीने जमिनीपर्यंत आली. तिथल्या लाद्याही डुगडुगायला लागल्या. पाय ठेवला की एक कोपरा वर यायचा आणि फटीतून मातकट पाणी दिसायचं.

मी भेगेवर तीन ठिकाणी आडव्या कागदी पट्ट्या चिकटवल्या, तारीख घातली, सही केली. पट्टी फाटली तर भेग वाढते आहे असं समजायचं, ही जुनी रीत आहे. आठवड्याने तिन्ही पट्ट्या फाटलेल्या.

"माई, पट्ट्यांना हात लावलास?"

"मला काय वेड लागलंय?"

"मग फाटल्या कशा?"

"भेग वाढली असेल."

इतकी सरळ उत्तरं मला पटत नाहीत. पट्टी भेगेने फाटते तशी बोटानेही फाटते. आणि या घरात माझ्याशिवाय, माईशिवाय आणखी एक माणूस येऊन-जाऊन असतो. आमचा मुलगा समीर. तो बायकोबरोबर, राजसीबरोबर, चिखलोलीच्या एका नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहतो आणि दर शनिवारी इकडे येतो.

आपल्या पोटच्या पोराबद्दल असं कोणाला वाटतं का, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही आमच्या शेजारच्या हिंदुरावांना ओळखत नाही म्हणून म्हणाल. त्यांच्या घराचंही दुरुस्तीनेच सुरू झालं होतं. मुलाने माणूस आणला, मुलाने घराची फाइल मागितली, आणि काम होईपर्यंत तात्पुरतं म्हणून हिंदुराव मुलाकडे बदलापूरला गेले. आठ महिन्यांत इथे घर पाडून भोवती पत्रे ठोकले गेले. आता तिथे सात मजले उभे आहेत. फोनवर एकदा ते मला म्हणाले, "श्यामकांतराव, मी दोनच बॅगा घेऊन निघालो होतो हो."

मला या घरातून दोन बॅगा घेऊन निघायचं नव्हतं. या वयात माझं एवढंच मागणं होतं, आणि ते मी कोणालाही हिसकावू देणार नव्हतो.

समीरने भेग बघितली आणि लगेच म्हणाला, "बाबा, माझ्या ओळखीचा सुयोग आहे. बदलापूर गावातला. उद्याच पाठवतो."

"मी बघतो माणूस."

"तुम्ही बघेपर्यंत भिंत अंगावर येईल."

"आजवर नाही आली."

"बाबा, प्रत्येक गोष्टीत वाद घालायलाच हवा का?"

आमचं हे असंच चालायचं. तो सहावीत असल्यापासून माझ्याशी भांडतो. शेवटी माईच मध्ये पडली आणि सुयोग येणार हे ठरलं. पण एवढी घाई कशाला, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिलाच.

सुयोग आला. पस्तिशीचा, काटकुळा, नम्र. नम्र माणसाकडे मी जरा जास्तच लक्ष देतो. फुटली होती भिंत, आणि हा हातोडीच्या दांड्याने लाद्या ठोकत बसला. एकेका लादीला कान लावायचा आणि खडूने फुली मारायचा. तासाभरात मागची खोली फुल्यांनी भरली.

"भिंत तिकडे आहे," मी म्हणालो.

"हो काका, भिंतीचं दुखनं हितंच हाय. बाथरूमचं पाणी कुठनं जातं?"

"पाइपातून."

तो हसला नाही. दोन-तीन दिवसांत तो पुन्हा येणार होता. जाताना त्याने माईच्या कानाशी काहीतरी सांगितलं. मी ओट्यावर होतो, मला ऐकू आलं नाही. तो फाटकाबाहेर पडल्यावर मी माईला गाठलं.

"काय म्हणाला?"

"काही नाही हो. 'माई, खाली हाय, जपून चाला' म्हणाला."

"खाली काय आहे?"

"तेच मलाही कळेना. मी पलंगाखाली वाकून बघितलं. नुसती धूळ होती. आज झाडून घेते."

आता बघा. घराच्या मालकाला सोडून हा बाईमाणसाला काहीतरी अर्धवट सांगतो. मी मनात नोंद केली.

त्याच संध्याकाळी समीरचा फोन. "बाबा, घराची फाइल काढून ठेवा. जुना नकाशा हवाय. ड्रेनेजची लाइन कुठून गेलीय ते सुयोगला बघायचंय."

फाइल. हिंदुरावांच्या मुलालाही फाइलच हवी होती.

"सापडली की सांगतो," असं म्हणून मी फोन ठेवला आणि फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात तळाशी घातली. दुसऱ्या दिवशी माईच्या हाताला ती लागली. तिने काही न बोलता ती बाहेर काढली, तांदूळ झटकले आणि माझ्यासमोर ठेवून दिली. तिच्या न बोलण्याचा अर्थ मला चांगला कळतो. पण मी फाइल पुन्हा आत घातली, या वेळी गव्हाच्या डब्यात.

शुक्रवारी सुयोग परत आला. मागच्या खोलीतलं सगळं हॉलमध्ये हलवा म्हणाला. पलंग आणि शिवणयंत्र हलवलं. लोखंडी कपाट त्याने एकट्यानेच अंगावर घेऊन सरकवलं. काम करायचं तर जागा लागणार, हे मलाही कळतं. मग तो मागच्या अंगणात फोनवर बोलायला गेला. पाण्याची मोटर चालू होती, म्हणून मोठ्याने बोलत होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिलो. मोटर बंद झाली आणि पुढचं सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"...आधा करने से कुछ नहीं होगा, धर्मराजभाई. पूरा खाली करना पडेगा. नहीं नहीं, अंकल को अभी मत बोलना, गरम आदमी है. समीरभाई बात करेंगे. पहले दोनों को चिखलोली में शिफ्ट करेंगे, फिर तोडना चालू."

पूरा खाली करना पडेगा. फिर तोडना चालू. मी खिडकीची कड धरून उभा राहिलो. डोक्यात एकच आलं की इतके दिवस मला उगीच संशयी म्हणत होते.

मी बाहेर गेलो आणि सुयोगला म्हणालो, "उचल तुझं सामान."

"काय झालं काका?"

"तुला माहीत आहे. आणि त्या धर्मराजलाही माहीत आहे."

"अहो काका, धर्मराज लाद्या बसवनारा हाय, उल्हासनगरचा..."

"तो कोणीही असू दे. फाटक तिकडे आहे."

तो हातोडी उचलून गेला. माई दारात उभी होती. "अहो, निदान त्याचं ऐकून तरी घ्यायचं," म्हणाली. मी म्हटलं, मी ऐकलंय, चांगलं ऐकलंय.

मग मी रिक्षा केली आणि थेट चिखलोलीला गेलो. लिफ्टमधून वर जाताना बोलायची वाक्यं जुळवत होतो. दार राजसीने उघडलं. ती "बाबा, तुम्ही? या ना," म्हणेपर्यंत समीर मागून आला. शुक्रवारी तो घरूनच काम करतो. कानात त्याचं ते फोनवर बोलायचं यंत्र तसंच होतं.

मी उंबऱ्याच्या आत गेलोच नाही. "समीर," मी म्हणालो, "आईबापाला घराबाहेर काढायला गवंडी कशाला लागतो रे? सरळ सांगायचं होतंस."

"काय?"

"पूरा खाली करना पडेगा. ऐकलंय मी. कोणता बिल्डर आहे? हिंदुरावांचाच का?"

त्याने कानातलं यंत्र काढलं. आधी त्याला काही कळलं नाही असं दिसलं. मग कळलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. चोर पकडला गेला की पांढराच पडतो, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

"बाबा, आत या. बसा. मी सुयोगला फोन लावतो."

"लाव. दोघं मिळून काय सांगायचं ते ठरवा. पण आजपासून माझ्या घरात पाय ठेवायचा नाही. मी असेपर्यंत नाही."

शेजारच्या दारातून एक बाई बघत होती. समीर तिच्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि तो भांडला नाही. राजसी मात्र म्हणाली, "बाबा, हे बरोबर नाही बोललात." मी लिफ्टचं बटण दाबलं.

घरी आल्यावर मी माईला म्हणालो, सामान परत आत लावायचं. खोली खाली नाही, इथे माणसं राहतात, हे दिसलं पाहिजे. तिला ते अजिबात मान्य नव्हतं. तरी तिने हात लावला, कारण एकट्याने कपाट ओढताना मला काही झालं असतं तर तिलाच निस्तरावं लागलं असतं. पलंग गेला, शिवणयंत्र गेलं. कपाट आम्ही दोघांनी इंच इंच ढकलत खडूच्या फुल्यांवर नेऊन उभं केलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. माई ताटात नुसता हात फिरवून उठली.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला मी ओट्यावर पेपर वाचत होतो. आतून आधी लोखंड घासल्यासारखा आवाज आला, मग काहीतरी धप्पकन बसलं, आणि मग माई ओरडली. मी धावलो. कपाट भिंतीवर रेललं होतं. त्याच्यासमोरच्या तीन लाद्या आत गेल्या होत्या आणि माईचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत होता. तिच्या हातात घडी केलेली चादर तशीच होती.

खरं सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या क्षणी माझ्या मनात आलं की हे त्या सुयोगनेच पोखरून ठेवलं. बायको खड्ड्यात अडकली आहे आणि मी आरोपी शोधतोय. मला स्वतःची किळस आली, पण विचार आला होता हे खरं.

मी तिच्या काखेत हात घालून ओढायला गेलो, तशी ती किंचाळली. "ओढू नका! पाय अडकलाय. समीरला फोन लावा."

"शेजारून कोणाला तरी..."

"समीरला लावा म्हणते ना!"

मी लावला. "माई पडली," एवढंच म्हणू शकलो. तो "आलो" म्हणाला.

पंधरा मिनिटांत त्याची मोटरसायकल दाराशी थांबली. मागे सुयोग बसला होता, तो तेव्हा समीरकडेच आलेला होता; दोघांनाही हेल्मेट नव्हतं. मी हॉलच्या दारातून बघत होतो. आतून माईचं कण्हणं बाहेरपर्यंत येत होतं. समीर धावत फाटकापर्यंत आला, कडीला हात घातला आणि थांबला.

"बाबा," तो म्हणाला, "आत येऊ?"

मला वाटलं टोमणा मारतोय. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता. आई आत कण्हत होती आणि हा मुलगा स्वतःच्या घराच्या फाटकात उभा राहून मला खरोखरच विचारत होता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी हातानेच ये म्हणून खूण केली. मग तो आत आला.

सुयोगने पहारीने लादी सैल केली आणि दोघांनी माईला अलगद वर काढलं. घोट्याचं हाड मोडलं होतं. दवाखाना, एक्सरे, प्लास्टर, सगळं समीरने केलं. माईला त्याने चिखलोलीला नेलं. मलाही भाड्याच्या गाडीत घेतलं, आणि मी बसलो. कपडे राजसीने नंतर येऊन नेले.

दुसऱ्या दिवशी मी, समीर आणि सुयोग असे तिघं मागच्या खोलीत उभे होतो. सुयोगने चार-पाच लाद्या उचलल्या आणि मोबाइलची बत्ती आत मारली. लादीखाली मुरूम असायला हवा. तिथे नुसता काळोख होता. सुयोगने हात घातला तो कोपरापर्यंत गेला.

"हे बघा काका. मी ठोकून बगितलं तवाच समजलं. निस्ता आवाज येत होता, बद्द. पूर्ण खाली."

"खाली?" मी विचारलं.

"खाली म्हंजे पोकळ. भरनी सगळी वाहून गेलीय. धर्मराजला तेच बोल्लो, दोन लाद्या बदलून नाय भागनार. खालचा चिखल पूरा खाली करायचा, नवा मुरूम भरून धुमसून घट्ट करायचा, मंग लाद्या. तुमाला बोल्लो असतो, पन तुमी कदी ऐकून घेता? म्हनून समीरदादाला सांगितलं. माईंना पन बोल्लो होतो, खाली हाय."

बिचारी पलंगाखाली बघत बसली होती.

पुढे खणल्यावर कारणही निघालं. बाथरूमच्या पाइपाचा सांधा सुटला होता आणि वर्षानुवर्षं पाणी मुरूम घेऊन वाहत होतं. त्यावर बसलेली भिंत मग फाटणारच. तो सांधा माझ्या हातचा. दोन हजार नऊ साली प्लंबरच्या कामात खोट काढून मी त्याला हाकलला होता आणि जोड स्वतः केला होता. स्वतःचं काम मात्र मी कधी तपासलं नाही. सुयोगने तो पाइप माझ्यासमोर धरला. हा जोड कोणाचा, असं त्याने विचारलं नाही, पण मी सांगून टाकलं.

आम्ही चिखलोलीला तीन आठवडे राहिलो. समीर माझ्याशी चांगला वागला. चहा देई, औषधाची आठवण करी. मी पंखा बंद कर म्हटलं की करी, बातम्या लाव म्हटलं की लावी. मी मुद्दाम एक-दोन चुकीची विधानं केली, त्याला चीड येईल अशी. "असेल बाबा," एवढंच म्हणाला. माई प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून हे सगळं बघत होती. एकदा ती मला हळूच म्हणाली, "त्याच्याशी बोला. तुमच्याकडून यायला हवं ते."

भरणी चालू असताना लाद्या निवडायला समीर आणि मी अंबरनाथला आलो. ओट्यावर नमुने मांडले होते. मी एक भडक शेंदरी लादी उचलली, देवळाच्या पायरीला शोभेल अशी.

"ही घेऊ या," मी म्हणालो.

"ठीक आहे," समीर म्हणाला आणि वहीत नंबर लिहायला लागला.

मला राहवेना. "अरे, भयंकर आहे ती! सांग ना, बाबा तुम्हाला काही कळत नाही म्हणून!"

त्याने पेन थांबवलं, पण वर बघितलं नाही.

"समीर, मी चुकलो," मी म्हणालो. हे शब्द मी कोणाला कधी म्हटल्याचं आठवत नाही. "तो फोन मी अर्धाच ऐकला. शब्दाचा अर्थ चुकीचा घेतला."

"शब्दाचं काही नाही बाबा. कोणाचंही तसं झालं असतं." आता त्याने माझ्याकडे बघितलं. "पण तो ऐकल्यावर तुम्हाला ते खरं वाटलं ना? की मी असं करीन?"

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. रागाच्या भरात बोललो. वय झालं. हिंदुरावांचं बघून डोकं फिरलं होतं. तिन्ही थोडी थोडी खरी होती. पण याच मुलाला मी फुटपट्टी हातात घेऊन खरं बोलायला शिकवलं होतं.

"हो," मी म्हणालो. "वाटलं."

त्याने मान हलवली. त्याला उत्तर माहीतच असावं. मग त्याने विचारलं, "कधीपासून?"

मी मागे जाऊन शोधायला लागलो. फोनच्या आधी, फाइलच्या आधी, तो चिखलोलीला राहायला गेला त्याच्याही आधी. त्याचं कॉलेज आठवलं, दहावीचा निकाल आठवला, तो खरा आहे ना म्हणून मी शाळेत जाऊन बाईंना पुन्हा विचारून आलो होतो ते आठवलं. एकही असा दिवस सापडेना, ज्या दिवशी मी या मुलावर काही न विचारता विश्वास ठेवला होता.

आत सुयोगची माणसं मुरूम धुमसत होती. समीर वही मिटून माझ्या उत्तराची वाट बघत उभा होता.